सारवलेलं अंगण

आमच्या रिहे गावात फार्महाऊसवाले दरवर्षी कला महोत्सव भरवतात. त्या दोन दिवसांत त्यांना आमचं सगळंच फार गोड वाटतं, त्याची मला शिसारी येते. यंदा त्यांना सारवलेलं अंगण हवं होतं. आईनं सकाळी उकिडवं बसून अख्खं अंगण शेणानं सारवलं. तिच्या बोटांच्या नक्षीचे त्यांनी हवे तेवढे फोटो काढले. पाहुण्यांच्या गाड्या दिसताच मात्र नाकाला रुमाल लावून ओल्या सारवणावरच प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरलं, वर सेंट फवारलं.

शेणाच्या हातांनी आई तशीच धावली. “अवो ताई, सारवण वाळू तरी द्या!”

महोत्सवाच्या प्रमुख बाई दोन पावलं मागं सरकल्या आणि हसून म्हणाल्या, “फोटो झालेत ना मावशी आता.”