बदल नाही

दुपारी सिस्टर येते, सुमनच्या डोळ्यांत टॉर्च मारते, पेनाच्या टोकाने तळपाय ओरखडते आणि खाटेला लटकवलेल्या कागदावर लिहिते : बदल नाही. पक्षाघाताचा झटका आल्यापासून बायको अशी पडून आहे आणि मी शेजारच्या स्टुलावर. सिस्टरचं अक्षर छान आहे, एवढंच मला जाणवतं.

असंच वाक्य मी नोकरीत वर्षानुवर्षं लिहिलं. सोन्याच्या खाणीत, खोल जमिनीखाली आम्ही लोखंडाच्या पत्र्यांचा ढीग रचला होता. अणूच्या गाभ्यातला प्रोटॉन कधी आपोआप फुटतो का, हे बघायचं होतं. फुटला असता तर या जगात काहीच कायमचं नाही, हे कळलं असतं. ड्यूटी संपली की वहीत लिहायचं : काही नाही. घरी सुमन विचारायची, "फुटला का हो तुमचा प्रोटॉन?" मी मान हलवायचो. ती आणखी एक पोळी वाढायची.

तो अजून कुठेच फुटलेला दिसलेला नाही. एकाच प्रोटॉनकडे बघत बसलं, तर विश्वाचं वयसुद्धा पुरणार नाही. म्हणून तर एवढं लोखंड. त्यातल्या असंख्य प्रोटॉनांवर नजर ठेवली, तर एखादा आपल्या हयातीत फुटेल, अशी आशा.

"काका, हात हलवला का त्यांनी?"

"नाही."

सिस्टर पुढच्या खाटेकडे वळते. तिच्याकडे बारा खाटा आहेत, कुणीतरी हलेलच. माझ्याकडे एकच आहे.