पोळ्याच्या आदल्या दिवशीचं तेल

डोमनलाल पटले इंजिनाशी बोलायचा आणि मला ते मुळीच खपत नसे. माणसानं माणसाशी बोलावं, फार तर जनावराशी. लोखंडाशी काय बोलायचं?

मी जागेश्वर, चुन्नीलाल सेठच्या विमानाचा चौकीदार. सेठच्या राईस मिली होत्या आणि हौसेनं घेतलेलं चार जणांचं एक विमान होतं. गोंदियाजवळच्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं असायचं. उडवायचा सेठ स्वतः. नागपूरहून अधूनमधून इंजिनियर यायचा आणि सही ठोकून जायचा. बाकी सगळं तेलपाणी डोमनलालकडे.

आधी तो सडक अर्जुनीला ढाब्यामागे ट्रकची इंजिनं खोलायचा. शिक्षण आठवी, पण हात असा की नागपूरवालाही त्याच्या कामात खोट काढत नसे. तेल बदलायचं तर इंजिन पाच मिनिटं चालवून गरम करायचा आणि खालची नळी उघडून काळं तेल बादलीत सोडायचा. मग जुना फिल्टर कापून त्याची घडी न् घडी उन्हात धरायचा. लोखंडाचा कण चमकला तर इंजिन आतून झिजत असतं म्हणे. तेल दोन बोटांत चोळून तो विमानाच्या नाकाकडे बघायचा आणि विचारायचा, "काऊन, दुखून राहिलं का?" मग गप्प राहून ऐकायचा. त्याचं ते ऐकणं मला सहन होत नसे, कारण मग मीही कान देऊन बसायचो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेले खांदे हळद-तुपानं शेकायचे आणि बैलांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतन द्यायचं. पोळ्याला त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. डोमनलालच्या घरचे बैल कधीच गेले होते, म्हणून की काय, तो हे सगळं विमानाला करायचा. आदल्या दिवशी जुनं तेल सोडायचं, इंजिन रात्रभर निथळू द्यायचं आणि पोळ्याच्या सकाळी नवं तेल भरायचं. ते त्याचं जेवण. सेठला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि नवं तेल सकाळपर्यंत भरलेलं नसतं हे मलाही नंतरच कळलं.

२००८ च्या पोळ्याच्या आदल्या दुपारी मी पहिल्यांदाच त्याची पूजा शेवटपर्यंत उभा राहून पाहिली. त्यानं विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या मुळाशी हळद-तूप लावलं, पात्याला लाल चिंधी बांधली आणि हात जोडून म्हणाला, "उद्या जेवाले या." वारा अजिबात नव्हता. पंखा बोटभर हलला आणि थांबला.

"आयकलं त्यानं," डोमनलाल म्हणाला.

"गरम लोखंड थंड होताना हलतंच," मी म्हणालो. हे मी तिथल्या तिथे बनवलं होतं. जाताना तो म्हणाला, "हे चिंधी मीच काढीन." का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सकाळी सातलाच सेठची गाडी आली. बरोबर दहा वर्षांची रुचि, त्याची एकुलती एक मुलगी. तळ्यावर धुवायला नेलेले बैल तिला वरून पाहायचे होते. "जल्दी निकाल, जागेश्वर," सेठ म्हणाला. तेल आदल्या दुपारीच बदलून झालं असेल, असं मी धरून चाललो होतो. चिंधी पूजेची समजून सोडली आणि खिशात कोंबली. उडण्याआधी तेलाची पट्टी काढून बघायची असते. पण डोमनलालचा हात लागलेल्या इंजिनाचं काय बघायचं, म्हणून सेठनं ती बघितली नाही.

सेठनं बटण दाबलं. काहीच झालं नाही. आतले दिवे लागलेले, बॅटरी भरलेली, पेट्रोल काठोकाठ. पुन्हा दाबलं. खट्ट असा आवाजसुद्धा नाही. शेतात ट्रॅक्टर नव्हता, हाकारा नव्हता, कुत्रंही भुंकत नव्हतं. मी नाकावर हात ठेवला. रात्रभर बंद असलेलं ते लोखंड गरम लागलं, आणि ओलं, घामेजलेल्या बैलाच्या खांद्यासारखं. मी हात झटकन मागे घेतला. खरं सांगतो, तिथून पळून जावंसं वाटत होतं.

सेठ तिसऱ्यांदा बटण दाबणार तोच फाटकाशी डोमनलालची सायकल दिसली, मागे तेलाचे डबे. पंख्यावर चिंधी नाही हे त्यानं लांबूनच पाहिलं. सायकल टाकून तो धावला आणि हात पसरून पंख्यासमोर उभा राहिला.

"सेठजी, हात काढा. पोटात थेंबभर तेल नाई."

सेठ खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "उड़ जाता तो?"

"वर जाऊन जाम झालं असतं."

सेठनं एकदा रुचिकडे पाहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "निशानी क्यों नहीं लगाई?"

डोमनलालनं माझ्याकडे पाहिलं. चिंधीचं टोक माझ्या खिशातून लोंबत होतं. त्याला ते दिसलं, आणि त्याला दिसलेलं मलाही दिसलं.

"भुललो सेठजी," तो म्हणाला.

मी टोक आत सारलं.

मग डोमनलालनं सगळं तेल भरलं. "आता दाबा," म्हणाला. पहिल्याच दाबाला इंजिन धडधडून सुरू झालं. रुचि टाळ्या वाजवू लागली. सेठनं ते लगेच बंद केलं, मुलीला उचलून खाली उतरवलं आणि डोमनलालला पुन्हा तोंड दाखवू नको म्हणून सांगितलं.

फाटकाशी मी त्याला गाठलं. "माहं नाव काऊन नाई घेतलं, डोमनभाऊ?"

"माही नौकरी तं गेलीच होती. तुह्यी कायले घालवू?"

नागपूरवाल्यानं बटण, बॅटरी, तारा सगळं खोलून पाहिलं. दोष कुठेच सापडला नाही. हिवाळ्यात सेठनं विमान विकलं आणि मला मिलच्या फाटकावर ठेवलं. डोमनलालच्या हाती मात्र पुन्हा कुणी इंजिन दिलं नाही, कारण सेठच्या पोरीला मारायला निघालेला मिस्त्री म्हणून त्याचं नाव देवरीपर्यंत पोचलं होतं. तो तांदळाची पोती उचलायचा. २०१३ मध्ये वारला.

परवा रुचि मिलवर आली. आता कॉलेजात आहे. गाडीतून उतरून माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, पापा कहते हैं, उस आदमी ने तो मुझे मार ही डाला था. सच है?"

तिथे आम्ही दोघंच होतो. डोमनलाल नव्हता, सेठ नव्हता, आणि माझी नोकरीही संपतच आली होती.

"हाव बेटा, सच है," मी म्हणालो.