आत्यानं पाहिलेलं कॉलेज

विमलआत्या कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेली की आधी पाय धुवायला न्हाणीघरात जाते. पाय स्वच्छ असले तरी जाते. परत येताना स्वयंपाकघराच्या दारात थोडी रेंगाळते, घरातल्या सुनेला माहेर कुठलं ते विचारते, आणि मग बैठकीत येऊन मुकाट्यानं चहा घेते. तोवर तिचा निकाल लागलेला असतो. "बैठक पाहुन्यायसाठी असते," ती म्हणते. "घर कसं हाय ते न्हानीत समजते."

आमच्या नात्यातल्या बहुतेक मुलींची स्थळं तिनंच पाहिली आहेत. आत्या राहते अकोल्याला. आम्ही भातकुलीकडचे, शेवंती, झेंडू आणि थोडी भाजी पिकवून अमरावतीच्या बाजारात नेणारे. बाबा तिचे धाकटे भाऊ. गावाकडून कुणी एखादं स्थळ कळवलं की आत्या तिकडे न सांगता जाऊन धडकते, तेही भर दुपारी. सांगून गेलं की माणसं सारवासारव करतात, असं तिचं म्हणणं. तिच्यामुळे मोडलेली लग्नं जमलेल्या लग्नांपेक्षा जास्त असतील, आणि त्या मोडलेल्या लग्नांबद्दल तिला दुवा देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तोंडानं मात्र फटकळ. माझ्या साखरपुड्याचा विषय कुणी काढला तर, "तिले आधी शिकू तं दे, मग नवरा पाहू, तो काई पयून नाई चालला," असं चारचौघांत सुनावते.

बारावीनंतर मला फिजिक्स शिकायचं होतं. त्याचं कारण सांगायला मला लाज वाटायची, कारण ते अगदीच साधं होतं. ज्युनियर कॉलेजात दोन वर्षं आम्ही प्रयोगवह्या नुसत्या उतरवून काढल्या. प्रिझममधून प्रकाश कसा फाटतो याची सुबक आकृती मी काढली, पण प्रिझम हातात कधी घेतलं नाही. मला एकदा ते खरंखुरं करून पाहायचं होतं. अशा ठिकाणी जायचं होतं जिथे प्रयोगशाळेचं दार उघडं असतं.

बाबांचा विरोध नव्हता. त्यांना धास्ती होती. "स्वस्त घेतलं तं फसू, महाग घेतलं तं बुडू," एवढंच ते सारखं म्हणत. काकांनी ओळखीनं फार्मसीची एक जागा धरून ठेवली होती आणि आठवड्याभरात हो की नाही ते सांगायचं होतं. शेवटी बाबांनी आमच्या घरात सगळ्या अवघड गोष्टींचं होतं तेच केलं. "ताईले पाहू दे," म्हणाले. "ताई हो म्हनन तं फिजिक्स. नाई म्हनन तं फार्मसी."

मी रडकुंडीला आले. आत्या सातवी शिकलेली. तिनं माझ्या शिक्षणाचा फैसला करायचा? पण बाबांचा शब्द फिरत नाही आणि आत्या तर दुसऱ्याच दिवशी बडनेऱ्याला गाडीतून उतरून हजर झाली.

पहिलं पाहिलं ते अमरावतीबाहेरचं, हमरस्त्यावरचं नवं कॉलेज. काचेची इमारत, थंडगार हॉल, चहाऐवजी कॉफी. एक गोड मॅडम पडद्यावर चित्रं दाखवून बोलत होत्या. फी बाबांनी दोनदा विचारून घेतली, पण हप्ते करून मिळतील असं त्या म्हणाल्या. मी मनातून विरघळले होते. आत्या उठली. "पाय धुवून येतो," म्हणाली.

ती बऱ्याच वेळानं आली, आणि येताना तिथल्या दोन विद्यार्थिनींशी तिची चांगली गट्टी जमली होती. "प्रयोगाची खोली दाखवा," तिनं मॅडमना सांगितलं. खोलीला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे तरी होती आणि ते कुणीतरी रजेवर होते. आम्ही काचेतून आत पाहिलं. टेबलं चकाचक, आणि त्यांवर ओळीनं खोकी. थर्माकोलही काढलेलं नव्हतं.

"अहेराची भांडी कपाटात लावून ठेवली हाय," बाहेर आल्यावर आत्या म्हणाली. "सैपाक इथी होतच नाई. पोरी सांगत होत्या, एकच सर हाय, तोच गनित शिकोते, तोच हे शिकोते, अन् दिवाळीपासून तोही गेला."

बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. मला मात्र वाटलं, संपलं. आता फार्मसी.

दुसरं कॉलेज अकोल्यातलं, जुनं, अनुदानित. फी आमच्या आवाक्यातली. रंग उडालेला, जिन्याचा कठडा हलणारा. मी मुद्दाम आत्याच्या तोंडाकडे पाहत होते. आम्ही दुपारी गेलो, अर्थातच न कळवता. फिजिक्सच्या प्रयोगशाळेचं दार सताड उघडं होतं. आत तीन मुली एका यंत्राभोवती डोकी घालून भांडत होत्या, आकडा बरोबर की चूक यावरून. अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले एक सर कोपऱ्यात तारेला डाग देत बसले होते आणि त्या मुलींचं भांडण न सोडवता म्हणत होते, "भांडा, भांडा, पुन्हा एकदा वाचा." काळा पडदा लावलेल्या खोलीत एका मुलीनं मला बोलावलं आणि दुर्बिणीसारख्या नळीला डोळा लावायला सांगितलं. आत पिवळी, हिरवी, जांभळी रेघ. वहीत मी जी शंभरदा रंगवली होती ती. मी डोळा काढायलाच तयार होईना.

मला वाटलं झालं काम. पण आत्या ऐकणारी नव्हती. "कॉलेज माह्या घराजवळ हाय म्हनून मी हो म्हननार नाई," तिनं बजावलं. "तो माणूस कसा हाय ते आधी पाह्यतो. उद्या हा बी निघून गेला तं?"

मग तिनं स्थळासाठी करतात ती सगळी चौकशी त्या डाग देणाऱ्या सरांची, म्हणजे राऊत सरांची, केली. त्यांच्या कॉलनीत गेली. किराणावाल्याला विचारलं, शेजारणीला विचारलं. सर घरी कसे बोलतात, काही खाणं-पिणं आहे का, नोकरी पक्की आहे का, अकोला सोडून जायचा विचार आहे का. दोन दिवसांनी सरांच्या आईचाच निरोप आला: रविवारी या, मुलीलाही आणा.

आत्या हरखली. "मानसं मोकळी हाय," म्हणाली.

आम्ही गेलो. बैठकीत नवी चादर, बशीत चिवडा, पोह्यांचा वास. राऊत सर कडक इस्त्रीचा सदरा घालून, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं खुर्चीच्या टोकावर बसलेले. त्यांच्या आईनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आईंचा चेहराच उतरला.

"मुलगी काय शिकली?" त्यांनी विचारलं.

"बारावी झाली यंदा," आत्या अभिमानानं म्हणाली.

"अहो, पण हा अडतिशीचा आहे! इतकी लहान पोर?"

"लहान हाय म्हनूनच तं शिकवाले आनली," आत्या म्हणाली. "म्हातारी झाल्यावर काय शिकन ते?"

आम्ही स्थळ घेऊन आलेलो नाही, हे आधी सरांना उमगलं. मग ते जे हसत सुटले ते खुर्चीचे हात धरून. लग्नातून सुटलेला माणूस मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. त्यांच्या आईनं डोक्याला हात लावला, आत्यानं पदर तोंडाशी धरला, आणि मी चादरीच्या नक्षीकडे पाहत बसले. पोहे मात्र फार छान झाले होते.

हसू ओसरल्यावर सरांनी सगळं नीट सांगितलं. मुलींना कुठली सवलत मिळते, शिष्यवृत्तीसाठी कधी धावपळ करायची, तीन वर्षांनी प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी.साठी मोठ्या सरकारी संस्थांत कमी पैशात कसं जाता येतं. मग न विचारता म्हणाले, "पण आमच्याकडे दोन जागा रिकाम्या आहेत, शिकवायला माणसं कमी पडतात. ग्रंथालय जुनं आहे. आणि एक चांगलं यंत्र वर्षभर बंद आहे, ते मी खटपट करून चालू करतोय, होईलच असं नाही."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "घ्या पोरीचं नाव," ती म्हणाली. "मी इतके पोरं पाह्यले, आपली खोट कोनी आपल्या तोंडानं नाई सांगतली."

पुढचं सरळ झालं. मी आत्याच्याच घरी राहून तीन वर्षं तिथे शिकले, भांडले, पुन्हा एकदा वाचायला शिकले. ते बंद यंत्र आमच्या दुसऱ्या वर्षी सुरू झालं. सरांचं लग्न आत्यानंच जमवलं, मूर्तिजापूरच्या एका शिक्षिकेशी, आणि तेही भर दुपारी दोन्ही घरांत पाय धुऊन. आज मी सर म्हणाले होते तशाच एका मोठ्या संस्थेत एम.एस्सी. करते आहे. पण आत्या म्हटलं की मला आठवतो तो प्रवेश पक्का झाल्याचा दिवस.

बाबांना अकोल्याच्या बसस्थानकावर पोचवायला आम्ही दोघी गेलो होतो. खूप दिवसांनी ते मोकळे हसत होते. "बिनघोर जाय," आत्यानं त्यांना खिडकीतून सांगितलं. "पोरगी माह्यापाशी हाय." बस वळली, दिसेनाशी झाली, आणि आत्या धपकन बाकावर बसून रडायला लागली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी घाबरले.

"आत्या, काय झालं गं?"

"काई नाई. भेव वाटून राह्यला होता. आठ दिवस मले झोप नाई," ती म्हणाली. "लग्नाचं चुकलं तं पोरगी माहेरी येते. हे चुकलं असतं तं तू कुठी आली असती?"

इतके दिवस मला वाटत होतं की भीती फक्त मलाच आहे. मी तिला बिलगले. एवढ्या गर्दीत, लोक बघत असताना. म्हणाले, "पण चुकलं नाही ना."

"नाई चुकलं," ती म्हणाली. मग जणू स्वतःलाच पटवत पुन्हा एकदा म्हणाली, "नाई चुकलं, बाई." आणि नाक पुसून तिनं मला विचारलं, "आता सांग, त्या अंधाऱ्या खोलीतल्या नयीत काय दिसलं होतं तुले?"

मी सांगायला लागले. आमच्या समोरून घराकडची शहर बस गेली, तिच्यामागची दुसरीही गेली, आणि आत्या ऐकत राहिली.