कुंपणाच्या आतली केळी

जिथे तुळशीच्या कुंडीसाठी मातीसुद्धा पिशवीतून विकत आणावी लागते, अशा शहरात मी लोकांच्या खाण्याची राखण करायला गेलो. आखातातलं बंदराचं शहर. आमच्या सोनाळ्यात त्याचं नाव कुणी घेत नाही, सगळे नुसतं ‘तिकडे’ म्हणतात. ‘पोरगा तिकडे आहे’ असं बाबांनी सांगितलं की समोरचा त्यांना बसायला खुर्ची द्यायचा. मला त्या खुर्चीचा फार राग यायचा. शेतकीची पदवी घेऊन मी गावातच राहिलो असतो, तर त्याच माणसाने आम्हाला सतरंजीसुद्धा अंथरली नसती.

तिकडच्या बंदराला लागून तारेचं लांबच लांब कुंपण आहे. कुंपणाच्या आत उतरलेला माल त्या देशात आला असं कायदा मानत नाही, म्हणून त्याला जकात नाही. आफ्रिकेचा चहा, आपल्याकडचा तांदूळ, कुठली कुठली मसूर आणि साखर तिथे उतरते, गोणी बदलते आणि आसपासच्या देशांना निघून जाते. स्वतः मेथीची एक जुडी न पिकवणारं हे शहर सगळ्या मुलखाचं कोठीघर होऊन बसलं आहे, आणि रुबाब असा की जणू पाऊसही तेच पाडतं. त्या कुंपणाच्या आत एका फळांच्या वखारीत मी कामाला होतो. कंटेनरचं दार उघडायचं, चार खोकी काढून फळ बघायचं आणि माल घ्यायचा की नाही ते सांगायचं. पगार बरा होता. कामात जीव नव्हता, पण तो कुठल्या नोकरीत असतो?

कितीतरी वर्षं माझ्या हाताखालून दुसऱ्यांची केळी गेली. मग एका हंगामात आमच्या गावच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एका निर्यातदारामार्फत तिकडे माल पाठवायचं ठरवलं. त्यात बाबा होते. तोवर बाबांची केळी घडासकट ट्रकमध्ये रचली जायची आणि ट्रक धूळ उडवत निघून जायचा. केळी कुठे उतरली, कुणी खाल्ली, गोड लागली की नाही, हे त्यांना जन्मात कळलं नव्हतं. बाग लावणाऱ्या माणसाला याचं वाईट वाटतं हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. त्या वेळी ते फोनवर म्हणाले,

‘भाव जो भेटन तो भेटन. खानारा मानूस खाऊन काय म्हन्ते, ते मले सांगजो. तू तिथंच हायेस ना.’

मी हसलो. ‘बाबा, केळं खाऊन कोणी भाषण करत नाही.’

‘तरी बी पाह्यजो,’ ते म्हणाले. ‘तोंडाकडं पाह्यलं का समजते.’

पुढचं मला आईकडून कळलं, तेही सगळं होऊन गेल्यावर. निर्यातदाराची माणसं आमच्या शेतातल्या शेडमध्ये आली. घडाच्या फण्या सुट्या केल्या, धुतल्या, खोक्यात भरल्या, आणि एक जण प्रत्येक खोकं काट्यावर ठेवून वजन बरोबर करून पुढे सरकवत होता. त्याची पाठ वळली की बाबा खोकं उघडायचे, त्यात आणखी एक लहानशी फणी दाबून बसवायचे आणि झाकण लावायचे. आई आणि काकू त्यांना मदत करत होत्या. झाकण बसलं नाही तर काकू त्याच्यावर गुडघा ठेवायची.

बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. आमच्या घरात माप शिगेचं. पायलीने ज्वारी द्यायची तर तिच्यावर शीग चढली पाहिजे, दाणे कडेने खाली ओघळले पाहिजेत, तेव्हा ते देणं. पायलीवर हात फिरवून सपाट माप देणाऱ्या घराला गाव पाठीमागे नावं ठेवतं, आणि त्या घरात मुलगी द्यायची की नाही याचाही लोक विचार करतात. काट्याला काटा लावून देणं हे बाबांच्या मते दुकानदाराचं काम. आईने त्यांना एकदा हटकलं, तर म्हणाले, ‘एवढ्या दूर दर्याच्या पार पाठवून राह्यलो, अन् मोजून-मापून देऊ? लोक काय म्हनतीन, सोनाळ्याचे मानसं कंजूस हायेत?’

माझ्या नोकरीत मी नाना तऱ्हेचे लबाड पाहिले. वजन झाल्यावर खोकं उघडून फळ काढून घेणारे पाहिले, तळाशी कुजकं आणि वर टवटवीत रचणारे पाहिले. त्या सगळ्यांसाठी वखारीत नियम होते. वजन झाल्यावर चोरून जास्तीचं घालणारा माणूस कुणाच्या डोक्यातच आला नव्हता.

आमच्या गावचा कंटेनर आला तेव्हा दार पुरतं उघडण्याआधीच वास आला. केळी हिरवी यावी लागतात, आणि हिरव्या केळ्याला वास नसतो. आत खालची खोकी वरच्यांच्या भाराने बसली होती. फुगलेल्या झाकणांखाली फळ चेंगरलं होतं, आणि चेंगरलेलं फळ आधी पिकतं आणि शेजाऱ्यालाही पिकवतं. वाटेत सगळा माल पिवळा झाला होता. खोक्यांवर शेतकऱ्याचा नंबर असतो. बसलेली खोकी सगळी बाबांची होती. एक उघडलं, दुसरं उघडलं, प्रत्येकात एक फणी जास्त. मला कुणी सांगावं लागलं नाही.

आमचा मॅनेजर म्हणाला, ‘कागदावरचं वजन खोटं आहे.’ आयुष्यभर शिगेचं माप देणाऱ्या माणसाच्या नावापुढे खोटं वजन लागलं. मला त्या मॅनेजरच्या कानाखाली द्यावीशी वाटली, पण तो चुकीचं बोलत नव्हता.

दुकानात जाण्यासारखा तो माल उरला नव्हता. खाण्यासारखा मात्र होता. त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, त्याच्यासारखं गोड केळं मिळालं नसतं. कंटेनर उतरवणारी पोरं आपल्याच मुलखातली, कुणी बिहारचा, कुणी तेलंगणाचा, डब्यात रोज तोच भात आणि डाळ. मी मॅनेजरला म्हणालो, यांना वाटून टाकू. तो म्हणाला, हे फळ देशात आलेलंच नाही, ते या पोरांना देणार कसं? देशात आणायचं तर जकात भरा, आरोग्य खात्याचा दाखला घ्या, आणि पिकून उतरलेल्या फळाला दाखला कोण देतो? मी भांडलो. आवाज चढवून भांडलो. नाकारलेला माल चिरडून टाकायचं यंत्र कुंपणाच्या आतच होतं. वखारीचा माणूस शेवटपर्यंत हजर लागतो, म्हणून मला तिथे उभं केलं. पोरांनी खोकी ओतली आणि बाबांच्या बागेचा पिवळा लगदा झाला. बाकीच्या शेतकऱ्यांचाही झाला, पण खरं सांगतो, मी बाबांचीच खोकी बघत होतो.

संध्याकाळी बाबांचाच फोन आला. ‘उतरले काय केळं?’

मी सगळं सांगितलं. फणीचंही सांगितलं.

‘जास्त देल्लं म्हनून फेकलं?’

‘हो.’

‘अन् कमी देल्लं असतं तं?’

‘चाललं असतं, बाबा. थोडं वजन कापून घेतलं असतं.’

‘मंग कोनं खाल्लं?’

‘कोणीच नाही.’ मी त्यांना कुंपणाचं समजावून सांगितलं. ते नीट ऐकत होते, मध्ये मध्ये ‘हाव’ म्हणून होकार भरत होते.

‘म्हंजे त्या देशात ते गेलंच नाही.’

‘नाही.’

‘अन् आपल्या देशात बी नाही राह्यलं.’

‘नाही राहिलं.’

‘तू तरी खाल्लं असशीन एखांदं,’ बाबा म्हणाले.

तपासताना एक केळं मी सोललं होतं. आत कुठेही डाग नव्हता. आलेल्या मालातलं काही तोंडात घातलं की नोकरी जाते, आणि डोक्यावर कॅमेरा असतो. मी ते पाहिलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि हात पुसले.

‘नाही बाबा,’ मी म्हणालो.

‘घरचं व्हतं बे,’ ते म्हणाले, आणि त्यांनी फोन आईकडे दिला. आईने रोजच्यासारखं विचारलं, ‘जेवला काय?’ मी हो म्हणालो.