वर, मधात, खाली

भोक दिसलं की त्यात करंगळी घालायची आणि डोळे मिटायचे, ही शेजारच्या भाऊंची सवय. जात्याचं तोंड असो, नळाची तोटी असो की माझ्या शिलाई मशीनच्या चाकाचं भोक असो. मग डोळे उघडून विचारत, "वहिनी, हे मोजलं का कधी?" जात्याचं तोंड कुणी मोजतं का, तुम्हीच सांगा.

धामणगाव बढ्यात आमच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि मागच्या पडवीत वर्कशॉप थाटलं. बायको आधीच गेलेली. घरात ते आणि लेक. गावातली इंजिनं, पंप तिथे दुरुस्तीला यायचे. पण दुरुस्ती राहायची बाजूला, आधी मोजण्याचा सोहळा.

व्हर्नियर या साध्या मोजपट्टीवर त्यांचा भरवसा नव्हता. "व्हर्नियर दारातूनच डोकावते. आत काय चालू हाय, त्याले काय मालूम?" म्हणून लहान भोकाला टेलिस्कोपिक गेज. ते आत सोडलं की दोन्ही हात पसरून भिंतींना टेकायचं. मग तसंच आवळून बाहेर काढायचं आणि मायक्रोमीटरने त्याचं माप घ्यायचं. मोठ्या भोकाला घड्याळाचं बोअर गेज. ते आत हळूहळू झुलवायचं. काटा जिथून माघारी फिरतो, ते खरं माप. आणि मोजायचं तीन जागी. "वर, मधात, खाली. भोक एका जागी खरं बोलते अन् दुसऱ्या जागी थापा मारते." हे मी भाजी निवडता निवडता इतक्यांदा ऐकलं, की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

उन्हातून आलेल्या सिलिंडरला तर ते गेज लावतच नसत. "तापेल हाय, फुगेल हाय. सावलीत बसू द्या त्याले." सिलिंडर सावलीत, आणि ते आणणारा बिचारा उन्हात उभा.

लेकीचं लग्न जमलं. साखरपुड्यासाठी जावयाची अंगठी करायची होती. सोनार म्हणाला, मुलाला पाठवा, कड्या घालून माप घेतो. भाऊ भडकले. "पोरीच्या साक्षगंधाले अंदाजपंचे काम नाही चालणार!" मुलगा चहाला आला तेव्हा त्याला पडवीत नेलं आणि गप्पा मारता मारता त्याचं बोट मायक्रोमीटरमध्ये धरलं. पोरगा कसा घाबरला होता, ते मी भिंतीवरून पाहिलं. मग भाऊ गेज घेऊन सोनाराकडे जाऊन बसले आणि अंगठी मनासारखी होईपर्यंत उठले नाहीत.

साक्षगंध अंगणातच होतं. मुलाची आत्या मोठी तिखट. "बिनआईच्या पोरीच्या घरी रीतभात कोण पाहते," असं ती आधीच बोलून गेली होती, आणि ते भाऊंना फार लागलं होतं. कुठे काही कमी पडू नये म्हणून दोन दिवस धड जेवले नव्हते. बुद्धवंदना झाली. लेकीने अंगठी घातली, आणि ती बोटाच्या मधल्या सांध्यावर अडली. लेक ढकलते आहे, अंगठी सरकत नाही.

"बसत नाही तं काऊन बळजबरी करता बापा?" आत्याबाई म्हणाल्या. लेकीचे डोळे भरले. भाऊंचा चेहरा मला पाहवेना.

पण माझी जीभ कधी गप्प बसली आहे? म्हटलं, "भाऊ, बोट तीन जागी मोजलं होतं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बोटाकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. "मधात राह्यलं, वहिनी! मधातच राह्यलं!" आधी जावई हसला, मग सगळा मांडव.

जावयाला आणि आत्याबाईंना त्यांनी पडवीत नेलं. या खेपेला बोट तीन जागी मोजलं, आणि मापं आत्याबाईंना मोठ्याने वाचायला लावली. अंगठी निमुळत्या सळईवर चढवून हलक्या हाताने ठोकली, जराशी ताणली. तोवर पुऱ्या गार झाल्या. मग लेकीने अंगठी थोडी फिरवली आणि ती सांध्यावरून पलीकडे गेली. आधी टाळी आत्याबाईंनीच वाजवली.

यंदाच्या थंडीत भाऊ गेले. पडवीला कुलूप लागलं. आठवण फार येते. जातं पुसताना आता माझीच करंगळी आत जाते.

परवा लेक-जावई सामान आवरायला आले होते. जावयाचं अंग सुटलं आहे, अंगठी बोटात रुतून बसली आहे. साबण झाला, तेल झालं. शेवटी तो पडवीत जाऊन कानस शोधू लागला. "कापूनच टाकतो."

लेकीने त्याचा हात ओढून घेतला, रुतलेल्या अंगठीवरून करंगळी फिरवली आणि डोळे मिटले.

"नाही कापाची," ती म्हणाली. "बाबानं मोजेल हाय. अंगठी बराबर हाय, तुम्ही बोट बारीक करा."