गुलबक्षीची संध्याकाळ
माळीकाकांना शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण तिसरीचा तो वर्ग अजून त्यांच्या मनातून जात नाही. त्यांनी शाळेच्या वाफ्यात लावलेली गुलबक्षी फुलायची संध्याकाळी आणि शाळा सुटायची दुपारी, त्यामुळे मुलांना कायम मिटलेल्या कळ्याच दिसायच्या.

"काका, तुमची झाडं आळशी आहेत," एक बडबडी मुलगी म्हणाली.

काकांच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी मोठ्या बाईंच्या मिनतवाऱ्या करून एक संध्याकाळ मागून घेतली. मुलं वाफ्याभोवती फतकल मारून बसली. पहिली कळी हलकेच उलगडली, तेव्हा ती बडबडी गुडघ्यांवर सरकत पार वाफ्याच्या कडेला गेली. न्यायला आलेले आईबापही फाटकातून आत येऊन शेजारी टेकले.

काका निवृत्त होईपर्यंत दरवर्षी तिसरीची एक संध्याकाळ गुलबक्षीसाठी राखलेली असे.