दुधातली गोळी

शिंप्याकडे काज-बटणं करणाऱ्या त्या माणसाला सगळे भाऊ म्हणत. ऐन तारुण्यात त्याला स्किझोफ्रेनिया झाला, तो कायमचाच. कानात बायका बोलत, समोरच्या खिडकीतला म्हातारा पाळत ठेवतो असं वाटे. तरी दाढी करून, डबा घेऊन स्वारी वेळेवर दुकानात हजर!

मग औषध बदललं. बायका गप्प झाल्या, म्हाताऱ्याचा विषय निघेना. थोरल्या बहिणीनं, ताईनं, सुटकेचा निःश्वास टाकला. पण भाऊ अंथरूण सोडेना. आंघोळीलाही दहादा म्हणावं लागे.

"दुकानात जायचं ना?"

"बघू."

ताईच्या मनात पाल चुकचुकली. हा गोळ्या थुंकून टाकत असणार, नाहीतर असा का पडून राहील? तिनं गादी झटकली, कोटाचे खिसे उलटे केले. काहीच मिळेना, तसा संशय वाढला. शेवटी तिनं एक गोळी कुटून दुधात घातली.

भावानं एक घोट घेतला आणि पेला तिच्यापुढे सरकवला. "तू पी."

"मला नको आत्ता."

"पी म्हणतो ना!"

ताईनं पेला उचलून मोरीत ओतला. त्या दिवसापासून तो तिच्या हातचं काही खाईना. स्वतः सोललेली केळी तेवढी खाई.

घाबरून तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या चांगल्याच रागावल्या. "आवाज थांबले, म्हणजे तो गोळ्या घेतच होता, वर तुम्ही आणखी दिलीत! भास कमी झाले की माणूस लगेच कामाला लागतो, असं नसतं. ही मरगळसुद्धा आजारच आहे. तिच्यासाठी वेगळे प्रयत्न करावे लागतात. अगदी थोड्यापासून सुरुवात करा."

घरी येऊन ताईनं कबुली दिली. "चुकले रे."

"वाटलंच होतं मला," तो म्हणाला. माफ केलं, असं काही म्हणाला नाही. गोळ्यांचं पाकीट मात्र स्वतःच्या कपाटात ठेवून त्यानं कुलूप लावलं.

ताईच्या सांगण्यावरून दुकानाचे मास्तर स्वतः त्याला न्यायला आले. "एकाच कोटाची काजं कर, मग घरी जा."

भाऊ गेला, पण दारातच थबकला. "तो इस्त्रीवाला माझ्याकडे बघतोय."

मास्तरांनी वाद घातला नाही. त्याचं स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं, इस्त्रीवाल्याकडे पाठ येईल असं. भाऊ बराच वेळ उभा होता. मग बसला, आणि सुईत दोरा ओवू लागला.